आधी ताळा, मग फेर

प्रिय बाळा,

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "मावशी, सोमवारपासून मला चार जीपीयूंचा एक नोड मिळतोय, आणि सर म्हणतात पायटॉर्चचं डिस्ट्रिब्युटेड शिकून घे." तुझ्या आवाजातला आनंद ऐकून मलाही बरं वाटलं. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. जे सांगितलं त्याच्या दसपट सांगायचं राहून गेलं होतं. ते आता सावकाश लिहून पाठवते. एकदम वाचू नकोस. एक गोष्ट वाच, करून बघ, मग पुढची वाच.

पहिली गोष्ट अशी, की हे काम अवघड आहे ते त्यातल्या आज्ञांमुळे नव्हे. त्या दोन दिवसांत पाठ होतील. एकट्या मशीनवर चूक झाली की प्रोग्राम बहुधा कोसळतो आणि कोणत्या ओळीत घोळ आहे ते समोर लिहून येतं. काम वाटून दिलं की मात्र चुकलेला प्रोग्रामही खुशाल चालत राहतो. लॉस उतरतो, आलेख छान दिसतो आणि उत्तर चुकीचं असतं. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: ताळा. एका प्रोसेसवर आलेला आकडा आणि दोन प्रोसेसवर आलेला आकडा जुळल्याशिवाय चारला हात लावायचा नाही.

आत काय चालतं ते आधी नीट डोळ्यांसमोर आण. तुझ्या आजीकडे उन्हाळ्यात दहावीच्या गणिताच्या पेपरांचे गठ्ठे यायचे, ते तू पाहिलेले नाहीस, पण मला आठवतात. प्रत्येक परीक्षकाकडे नमुना उत्तरांची तीच प्रत, गठ्ठा मात्र वेगळा. अधूनमधून सगळे नियामकांकडे जमायचे. कुणाला एखादं उत्तर वेगळ्या रीतीने सोडवलेलं दिसलेलं असायचं. बोलणं व्हायचं, आणि ठरलेली दुरुस्ती प्रत्येकजण आपापल्या प्रतीत लिहून घ्यायचा. डीडीपीमध्ये, म्हणजे डिस्ट्रिब्युटेड डेटा पॅरलल या पद्धतीत, हेच होतं. प्रत्येक प्रोसेसकडे मॉडेलची तीच प्रत असते आणि डेटाचा वेगळा गठ्ठा. प्रत्येकजण आपल्या गठ्ठ्यावरून ग्रेडियंट काढतो, सगळ्यांची सरासरी होते आणि ती एकच दुरुस्ती प्रत्येकजण आपल्या प्रतीत करतो. फरक इतकाच, की इथे नियामक नाही. सरासरी सगळे मिळूनच काढतात. सगळ्यांच्या प्रती सुरुवातीला सारख्या आणि दुरुस्तीही सारखी, म्हणून त्या शेवटपर्यंत सारख्या राहतात. यातला एक जरी धागा सुटला तरी सांगायला कुणी येत नाही.

आता कागद घे. चार आकडे लिही: १, २, ३, ४. शिकायचं आहे ते "तिप्पट कर" इतकंच. मॉडेलमध्ये एकच वजन, सुरुवातीला शून्य. चुकीच्या वर्गाची सरासरी हा आपला लॉस. मग प्रत्येक आकड्याचा ग्रेडियंट उणे सहा गुणिले त्या आकड्याचा वर्ग येतो: उणे ६, उणे २४, उणे ५४, उणे ९६. चौघांची सरासरी उणे ४५. लर्निंग रेट ०.०१ धरला तर एका पावलानंतर वजन ०.४५ होतं. हे एकट्याचं उत्तर.

आता दोन प्रोसेस. पायटॉर्चचा डिस्ट्रिब्युटेड सॅम्पलर, पत्ते पिसू नकोस असं सांगितलं तर, एकाआड एक वाटतो: शून्य क्रमांकाच्या रँकला, म्हणजे प्रोसेसला, १ आणि ३, एक क्रमांकाच्या रँकला २ आणि ४. एकाची सरासरी उणे ३०, दुसऱ्याची उणे ६०. दोघांची सरासरी पुन्हा उणे ४५. ताळा जुळला.

आता ४ पुसून टाक. तीन आकडे, दोन वाटेकरी. एकट्याचं उत्तर उणे २८. पण सॅम्पलरला समसमान वाटणी हवी असते, म्हणून तो पहिला आकडा पुन्हा वापरतो: एकाला १ आणि ३, दुसऱ्याला २ आणि पुन्हा १. सरासऱ्या उणे ३० आणि उणे १५, मिळून उणे २२.५. ताळा चुकला, आणि कुठलीच सूचना आली नाही. प्रशिक्षणात लाखो नमुन्यांमध्ये दोन-चार दोनदा आले तर बिघडत नाही. पण हाच सॅम्पलर लावून तपासणीच्या डेटावर अचूकता मोजलीस, तर काही नमुने दोनदा मोजले जातात आणि प्रबंधात चुकीचा आकडा छापला जातो. पुन्हा पहिल्या चार आकड्यांवर ये आणि लॉसमध्ये सरासरीऐवजी बेरीज घेऊन बघ: एकट्याला उणे १८० येतात, दोघांना उणे ९०. कारण डीडीपी शेवटी सरासरीच काढतं. हा कागद माझ्यासाठी जपून ठेव. मी शिकवलेल्या प्रत्येक नव्या मुलाकडून हा हिशेब आधी हाताने करून घेतला आहे.

मग हेच लॅपटॉपवर कर. त्याला जीपीयू लागत नाही. ग्लू नावाचं बॅकएंड साध्या प्रोसेसरवर चालतं. जीपीयूवर गेलीस की एनसीसीएल, ज्याला सगळे "निकल" म्हणतात. पायटॉर्चच्याच टॉर्चरनने दोन प्रोसेस सुरू कर आणि प्रत्येक प्रोसेसने आपली रँक, वर्ल्ड साइझ (म्हणजे एकूण प्रोसेस किती) आणि हातात आलेल्या पहिल्या पाच नमुन्यांचे क्रमांक छापावेत असं कर. हे छापणं कधीही सोडू नकोस. त्याचं कारण सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. आठ जीपीयूंवर मॉडेल शिकवायला लावलं होतं. सॅम्पलर लावायचा राहून गेला, आणि प्रयोग पुन्हा तसाच करता यावा म्हणून मी आठही प्रोसेसना एकच सीड दिलं होतं. म्हणजे आठही जण तोच गठ्ठा त्याच क्रमाने तपासत होते, आणि आठ सारख्या आकड्यांची सरासरी निघत होती. ते मॉडेल एका जीपीयूवर जसं शिकलं असतं तसंच शिकत होतं. आलेखात काही वावगं दिसत नव्हतं. अकरा दिवसांनी एका सहकाऱ्याने विचारलं, "आठांवर आहे ना, मग पुढे का सरकत नाही?" त्या रात्री मी नमुन्यांचे क्रमांक छापले आणि आठ ओळी हुबेहूब सारख्या दिसल्या. अकरा दिवसांची वीज आणि पैसा वाया गेला, आणि ज्यांना निकाल हवा होता ते माझ्यामुळे ताटकळले. तो सल अजून आहे.

या चुकीचाच एक भाऊबंद आहे. सॅम्पलर पिसतो तो सीड आणि इपॉकचा क्रमांक मिळून. दर इपॉकच्या सुरुवातीला सेट-इपॉक म्हणून त्याला क्रमांक सांगितला नाहीस, तर प्रत्येक वेळी तोच क्रम येतो. एकच ओळ आहे, पण ती विसरलेले कितीतरी प्रोग्राम मी पाहिलेत.

ताळा घेताना ड्रॉपआउट बंद ठेव, नाहीतर आकडे कधीच जुळणार नाहीत. बॅच-नॉर्म असेल तरी जुळणार नाहीत, कारण प्रत्येक प्रोसेस आपल्याच गठ्ठ्यावरून सरासरी घेते. त्यासाठी सिंक-बॅच-नॉर्म आहे. आणि शेवटच्या दशांश घरात फरक पडला तर घाबरू नकोस. बेरजेचा क्रम बदलला की संगणकातल्या अपूर्णांकांची शेपटी बदलते. सुरुवातीच्या पावलांत पहिले पाच-सहा अंक जुळले की पुरे.

रँक आणि लोकल रँक यांत मात्र गोंधळ करू नकोस. दोन मशीन, प्रत्येकी चार जीपीयू, तर वर्ल्ड साइझ आठ, रँक शून्य ते सात, पण लोकल रँक दोन्हीकडे शून्य ते तीनच. जीपीयू निवडायचा तो लोकल रँकने. एका नोडवर दोन्ही आकडे सारखेच असतात, म्हणून चूक असली तरी सगळं चालतं. दुसरा नोड जोडलास की रँक चारवाला नसलेला जीपीयू मागायला जातो. तुला आज एकच नोड मिळतोय, तरी पहिल्या दिवसापासून लोकल रँकच लिही.

आता त्या सरासरीबद्दल थोडं, कारण मला ही गोष्ट फार आवडते. त्यासाठी जरा मागे जाते. अमेरिकेने हवा तो क्रे संगणक द्यायला नकार दिला आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं, हे तू शाळेत वाचलं असशील. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. मी गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या त्या इमारतीत नोकरीला लागले, तेव्हा त्याच्याभोवती अजून उत्साहाचं वारं होतं. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपला बाहेर बोलायला चारच दुवे होते. त्यामुळे कोण कुणाशी बोलणार हे आधी कागदावर काढल्याशिवाय प्रोग्राम लिहिताच येत नसे. पुढे १९९४ साली एमपीआय हे मानक आलं आणि त्यात ऑलरिड्यूस होतं: सगळ्यांचे आकडे एकत्र करा आणि उत्तर सगळ्यांना द्या. तुझं डीडीपी आतून तेच ऑलरिड्यूस वापरतं. तू शिकते आहेस ते अगदी नवं आहे असं समजू नकोस. तीस वर्षांत माणसांनी केलेल्या चुका लिहिलेल्या आहेत, त्या वाचायला मिळतात.

ऑलरिड्यूसची एक रीत म्हणजे रिंग. आपल्या मंडळात नवरात्रात भोंडल्याला बायका फेर धरतात, तसंच. मधोमध बसून सगळ्यांकडून गोळा करणारी बाई नसते, कारण ती असेल तर तिच्याकडेच रांग लागते. प्रत्येकीने आपल्या आकड्यांचा एक तुकडा उजवीकडच्या मैत्रिणीला द्यायचा आणि डावीकडून आलेला आपल्यात मिळवायचा. एक फेर पुरा झाला की प्रत्येकीकडे एकेका तुकड्याची पूर्ण बेरीज तयार असते. दुसऱ्या फेरात त्या बेरजा सगळ्यांकडे पोचतात. फेरात माणसं वाढली तरी प्रत्येकीने द्यायचा माल जवळजवळ तेवढाच राहतो, मूळ आकाराच्या दुपटीच्या आत. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पटारासुक आणि युआन यांनी २००९ साली ही रीत मांडली, २०१७ मध्ये बायदूच्या सिलिकन व्हॅलीतल्या प्रयोगशाळेने ती डीप लर्निंगला लावून दाखवली, आणि त्याच वर्षी उबरने होरोवॉड ही लायब्ररी खुली केली. होरोवॉड हे रशियातल्या फेर धरून नाचायच्या लोकनृत्याचं नाव आहे. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मंडळातला आमचा भोंडलाच आठवला.

भोंडल्यात एकीचा पाय अडखळला की सगळा फेर थांबतो. इथेही तसंच. सगळे सगळ्यांसाठी थांबतात. म्हणून तुझा प्रोग्राम जेव्हा काही न बोलता गप्प होईल (आणि तो होणारच), तेव्हा पहिला प्रश्न विचार: फेरातली कोण आली नाही? नव्वद टक्के वेळा कारण एका ओळीत सापडतं, "रँक शून्य असेल तर हे कर." त्या अटीच्या आत जर असं काही असेल, की ज्याला सगळ्यांची हजेरी लागते, तर रँक शून्य आत जाऊन हात पुढे करून उभी राहते आणि बाकीच्यांना पत्ताच नसतो. काही मिनिटं सगळे थांबतात, मग वेळ संपल्याची तक्रार येते, आणि तीही बहुधा निर्दोष रँकच्या नावाने. फाइल लिहिणं, छापणं, डाउनलोड करणं हे रँक शून्यने एकटीने करावं. हजेरीचं काम सगळ्यांनी. एकीला दहा गठ्ठे आणि दुसरीला अकरा मिळाले तरी हेच होतं. शोधायला बसलीस की एनसीसीएल-डिबग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल इन्फोवर ठेव, म्हणजे कोण कुणाशी कुठल्या नेटवर्कवरून बोलतंय ते दिसेल.

बॅचचा हिशेब बदलतो, तो विसरू नकोस. तू प्रत्येक जीपीयूला ६४ नमुने दिलेस, तर चार जीपीयू मिळून एक पाऊल २५६ नमुन्यांचं. तोच जुना लर्निंग रेट ठेवलास तर पावलं कमी पडतात, आणि तुला वाटेल मॉडेलच मंद आहे. फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ साली २५६ जीपीयूंवर इमेजनेट एका तासात शिकवून दाखवलं. त्यांचा नियम सरळ होता: बॅच जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने लर्निंग रेट वाढवा. २५६ च्या बॅचला ०.१, तर ८,१९२ च्या बॅचला ३.२. पण एकदम नाही. पहिली पाच इपॉक हळूहळू चढवत न्यायचा. हा नियम त्यांच्या प्रकारच्या मॉडेलला आणि एसजीडीला बसतो. अॅडम वापरत असशील तर त्यावर आंधळा विश्वास ठेवू नकोस, दोन-तीन रेट करून बघ.

आता जास्त मशीन मिळाल्या तर घ्याव्यात का? आधी भागाकार कर. शंभर कोटी पॅरामीटरचं मॉडेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे ग्रेडियंट चार जीबी. चार मशीनच्या फेरात प्रत्येकीला सहा जीबी पाठवावे लागतात. मध्ये १० गिगाबिटचं साधं इथरनेट असेल, म्हणजे सेकंदाला सव्वा जीबी, तर प्रत्येक पावलाला जवळजवळ पाच सेकंद नुसत्या देवाणघेवाणीत जातील. तुझं प्रत्यक्ष गणित एका सेकंदाचं असेल, तर चार मशीन घेऊन तू एकीपेक्षाही मागे पडलीस. पायटॉर्च बरंच झाकून घेतं. ग्रेडियंट तयार होतील तसे ते २५ एमबीच्या बादल्यांत भरून ग्रेडियंट काढायचं बाकीचं गणित चालू असतानाच पाठवायला लागतं. पण एका सेकंदाच्या गणिताखाली पाच सेकंदांचं दळणवळण कसं झाकणार? एका नोडच्या आत जीपीयू एनव्हीलिंकने जोडलेले असतील, तर तिथला वेग याच्या कितीतरी पट असतो. म्हणून एक नोड पुरा वापरून झाल्याशिवाय दुसरा मागू नकोस.

आणि कधीकधी हळू चालण्याचं कारण जीपीयू नसतोच. चार प्रोसेस, प्रत्येकी आठ डेटा वाचणारे, म्हणजे बत्तीस हात सोळा कोअरवर भांडत बसतात. जीपीयू किती वापरात आहे ते एनव्हिडिया-एसएमआयमध्ये बघ. आकडा सारखा शून्यावर येत असेल तर तो उपाशी आहे, आणि आणखी जीपीयू जोडून ती भूक भागणार नाही. लाखो बारक्या चित्रांच्या फाइली सामाईक डिस्कवरून थेट वाचू नकोस. मोठ्या टार फाइलींत बांध आणि काम सुरू होताना नोडच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घे. सामाईक डिस्कवर बाकीच्या विद्यार्थ्यांचंही पोट आहे.

मॉडेलच मावत नसेल तर गोष्ट वेगळी. अॅडमने शिकवताना दर पॅरामीटरला साधारण सोळा बाइट धर: वजन, ग्रेडियंट आणि अॅडमचे दोन आकडे. शंभर कोटींना सोळा जीबी, सातशे कोटींना एकशे बारा, आणि अॅक्टिव्हेशन याच्या वरती. चाळीस किंवा ऐंशी जीबीच्या ए१०० जीपीयूमध्ये सातशे कोटींचं मॉडेल बसणार नाही, आणि डीडीपी काही कामाचं नाही, कारण ते प्रत्येकाला पूर्ण प्रत देतं. तिथे पायटॉर्चचं एफएसडीपी किंवा मायक्रोसॉफ्टचं डीपस्पीड लागतं, ज्यात त्या प्रतीची पानंच वाटून घेतात. तुला यंदा त्याची गरज पडणार नाही असं मला वाटतं. डीडीपीवर हात बसला की ते महिन्याभरात येईल.

तू आहेस ते गाव या कामाला उत्तम आहे. अर्बानात एनसीएसए हे महासंगणक केंद्र आहे, डेल्टासारखा संगणक आहे, आणि चार-चार जीपीयूंचे नोड तिथे भरपूर आहेत. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अॅक्सेस कार्यक्रमातून विद्यार्थ्यांनाही वेळ मिळतो. सर्वांत छोटा वर्ग एक्स्प्लोर नावाचा आहे, सरांना विचारून अर्ज कर. क्लाउडवर स्वतःचं क्रेडिट कार्ड देऊ नकोस. शुक्रवारी चालू राहिलेलं मशीन सोमवारी भाड्याइतकं बिल दाखवतं. लॉगिन नोडवर प्रशिक्षण चालवायचं नाही, ते सगळ्यांचं अंगण आहे. कामांची रांग लावणाऱ्या स्लर्मला फाइल देऊन रांगेत उभी राहा, आणि वेळ मागताना खरा अंदाज दे. उगाच दोन दिवस मागितलेस तर रांगही लांबते. दर तासाला चेकपॉइंट ठेव, त्यात मॉडेलबरोबर ऑप्टिमायझर आणि इपॉकचा क्रमांकही असू दे. ठेवताना डीडीपीच्या आतलं मॉड्यूल काढून ठेव, नाहीतर उद्या एका जीपीयूवर उघडताना प्रत्येक नावाआधी "मॉड्यूल" लागलेलं दिसेल. आणि एकदा मुद्दाम काम मध्येच मारून ते चेकपॉइंटवरून पुन्हा सुरू होतं का हे बघ. हेही ताळ्यातच मोडतं.

सोमवारी नोड मिळाला तरी मोठं मॉडेल लावू नकोस. आधी तो चार आकड्यांचा कागद, मग लॅपटॉपवर दोन प्रोसेस, मग नोडवर एक, दोन, चार. प्रत्येक वेळी पहिल्या शंभर पावलांचा लॉस वहीत लिही, एकूण बॅच मात्र तीच ठेव. शनिवारी तुझ्याकडे सकाळी दहा वाजता, म्हणजे माझ्याकडे आठला, मी चहा घेऊन बसलेली असेन. वही समोर ठेवून फोन कर. एक आणि दोनचा ताळा आधी वाचून दाखव, मग चारचं बोलू.

तुझी,
मावशी